मॉडिफाय केलेल्या बुलेटला रास्त भाव कसा मिळवायचा

प्रश्न : माझी फेब्रुवारी २०१९ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० बुलेट आहे. एमएच २४ पासिंग, मी पहिलाच मालक, रनिंग ३६ हजार. मूळ रंग काळा होता, नंतर मॅट मिलिटरी ग्रीन करून घेतला, चॅसिसलाही पावडर कोटिंग केलं. अलॉय, मागं १४० चा रुंद टायर, फ्री फ्लो (मोठ्या आवाजाचा) सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर, रुंद हँडल, सिंगल सीट, एलईडी लाइट असं सगळं मिळून ८० हजार घातले. मला १ लाख ७० हजार यावेत असं वाटतं. लातूरचा डीलर ८० हजारांच्या वर जायला तयार नाही. याच मॉडेलच्या साध्या गाड्या इथं १ लाख १० ते १ लाख २० हजारांना लावलेल्या दिसतात. डीलर मला फसवतोय का? (अहमदपूर)

उत्तर :

भाऊ, डीलर फसवत नाहीये. पण म्हणून ८० हजारांत गाडी देऊन मोकळंही होऊ नका. तुमचा १ लाख ७० हजारांचा आकडा आणि त्याचा ८० हजारांचा, या दोन्हींच्या मधे एक रास्त भाव आहे. महिना-दीड महिना मेहनत घेतली तर तो मिळतो. जुन्या गाड्यांच्या धंद्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि तुमच्यासारखी पोरं दर हंगामात येतात. हौसेनं सजवलेली गाडी पडत्या भावात सोडताना त्यांचं तोंड उतरतं, ते मला बघवत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशोब समजून घ्या. तुम्ही गाडीवर ८० हजार घातले ते तुमच्या आवडीपोटी. समोरच्याची आवड वेगळी असते. आपल्या भागात जुनी बुलेट कोण घेतो? चाकूर-शिरूरकडचा सोयाबीन विकून आलेला शेतकऱ्याचा मुलगा, जिल्हा परिषदेचा मास्तर, वाळूजच्या एमआयडीसीत ड्युटीला जाणारा कामगार. त्यांना तीन गोष्टी लागतात : ॲव्हरेज बरं असावं, चौकात पोलिसांनी अडवू नये, आणि कागद पहिल्या फटक्यात नावावर व्हावेत. मागं बायको बसवायची असते, तुमच्या गाडीला सिंगल सीट. ॲव्हरेज हवं असतं, तुमच्या गाडीला १४० चा जड टायर. कंपनीचा मागचा टायर ११०/९०-१८ असतो, तो उगीच दिलेला नाही. रुंद टायरनं गाडी वळताना जड लागते, चेन कव्हरला घासण्याची भीती राहते आणि पेट्रोलही जास्त पिते.

त्यामुळं डीलर तुमच्या गाडीकडं बघतो तेव्हा त्याच्या मनात बेरीज चालत नाही, वजाबाकी चालते. मूळ सायलेन्सर आणायचा, स्पोकची चाकं बघायची, टायर, सीट, हँडल, रंग. त्यात गाडी दोन महिने दुकानात उभी राहिली तर अडकलेल्या पैशाचं व्याज. उघड्या फिल्टरवर चाललेलं इंजिन आतून कसं आहे ते कळत नाही, त्या जोखमीचे वेगळे कापतो. मग ८० हजारांवर येऊन थांबतो. ही वजाबाकी तुम्ही स्वतः करून दाखवली तर त्यातले बहुतेक पैसे तुमच्याच खिशात राहतात.

तुमच्या आकड्यांवरच मांडून दाखवतो. १ लाख २० हजारांना लावलेली साधी गाडी प्रत्यक्षात १ लाख ५ ते १० हजारांना जाते. जाहिरातीतला आकडा मागणीचा असतो, सौद्याचा नसतो. गाडी मूळ रूपात आणायला, हात राखून केलं तर, १८-२० हजार लागतील. उतरवलेलं सामान सुटं विकलं तर २५ हजारांच्या आसपास सुटतील. म्हणजे १ लाख ५ हजार आणि २५, वजा २०. खर्च जाऊन १ लाख १० हजारांच्या घरात रक्कम हातात येते. डीलरच्या आकड्यापेक्षा ३० हजार जास्त. १ लाख ७० मात्र विसरा.

आणखी एक कारण आहे ज्यामुळं सगळ्याच जुन्या बुलेटचे भाव खाली आलेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी क्लासिक ३४९ सीसीची आहे, म्हणजे ती त्यात बसते. नवी स्वस्त झाली की जुनी आपोआप खाली सरकते. विकणारे मात्र अजून आधीचे भाव डोक्यात धरून बसतात. शिवाय तुमची गाडी जुन्या इंजिनाची, बीएस ४ (प्रदूषणाच्या आधीच्या निकषाची), कार्ब्युरेटरवाली. २०२१ मध्ये नव्या इंजिनाची क्लासिक आली, त्यामुळं गिऱ्हाईक आता दोन्हींत फरक करतं. जुन्या इंजिनाचा ठोका आवडणारे लोक अजून आहेत, पण त्यांनाही तो कंपनीच्याच सायलेन्सरमधून ऐकायचा असतो.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीत नोंदलेल्या, कंपनीनं ठरवून दिलेल्या गोष्टींशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं, त्यात एकेका बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. घेणाऱ्याला कलम माहीत नसेल, पण फटाके मारणारे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली घातल्याचे फोटो त्यानं पाहिलेले असतात. त्यामुळं सायलेन्सर ही उतरवायची पहिली वस्तू. तुमच्याकडं जुना नसेल तर नवा घेऊ नका. जिथं बुलेट मॉडिफाय करतात त्या गॅरेजात मागच्या बाजूला बघा. नव्या गाड्यांचे काढलेले कंपनीचे सायलेन्सर ढिगानं पडलेले असतात आणि स्वस्तात मिळतात.

चाकांचं त्याहून सोपं आहे. स्पोकची चाकं देऊन अलॉय हवी असलेला एखादा तरी बुलेटवाला लातुरात, नांदेडात, संभाजीनगरात भेटतोच. त्याच्याशी अदलाबदल करा आणि वरचे पैसे घ्या. बेअरिंग, डिस्क आणि एबीएसची (ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) रिंग नीट बसली की नाही ते तिथंच चालवून बघा. मीटरवर एबीएसचा दिवा जळत राहिला तर पुढं प्रत्येक गिऱ्हाईक त्यावर बोट ठेवेल.

रंगाचं जरा विचार करून ठरवा. आरसीवर काळा लिहिलंय आणि गाडी हिरवी आहे. एक तर आरटीओत जाऊन रंगबदल रीतसर नोंदवायचा, नाही तर परत काळा मारायचा. माझं मत काळ्याच्या बाजूनं. क्लासिकची टाकी, बाजूची दोन पॅनेल आणि मडगार्ड सहज सुटतात, चांगल्या पेंटरचं काम आहे. अडचण एवढीच की ताजा रंग बघितला की लोकांना अपघाताची शंका येते. त्यासाठी शोरूमसमोर हार घालून, पेढे वाटताना काढलेला पहिल्या दिवसाचा फोटो शोधून ठेवा. प्रत्येकाकडं असतो. मूळ रंग, मूळ नंबर आणि पहिला मालक, तिन्ही गोष्टी त्या एका फोटोत दिसतात. हिरव्या रंगातले फोटोही लपवू नका. ‘हौस म्हणून केला होता, परत मूळ केला’ हे सरळ सांगितलं की शंका मिटते.

पावडर कोटिंगबद्दल मात्र काळजीनं सांगतो, कारण इथं सौदे मोडताना मी पाहिलेत. हँडल पूर्ण एका बाजूला वळवा आणि हँडलच्या दांड्याखाली चॅसिसचा जाड नळा आहे तिथं बॅटरी मारून बघा. तिथं ठोकलेला चॅसिस नंबर असतो. पावडर कोटिंगनं त्या अक्षरांचे खड्डे भरून जातात. ‘३’ आणि ‘८’ सारखेच दिसतात, कधी नंबर दिसतच नाही. नावावर करायच्या कागदांना पेन्सिलचा ठसा लागतो : कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची, अक्षरं उमटली पाहिजेत. ती उमटली नाहीत तर घेणारा म्हणतो, गाडी चोरीची दिसते, आणि निघून जातो. यावर घाईनं ग्राइंडर, पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश मारू नका. धातूवर ओरखडे दिसले की नंबर खोडल्याचा संशय घट्ट होतो, मग कुणालाच पटवता येत नाही. रंग उतरवायचं लिक्विड कापसानं तेवढ्याच जागी लावा, थोडा वेळ थांबा, लाकडी काडीनं खड्ड्यातला रंग काढा, कोरड्या फडक्यानं पुसा. गंज धरू नये म्हणून वर ग्रीसचा हलका हात द्या. मग स्वतः पेन्सिलचा ठसा घेऊन आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. इंजिन नंबरचंही तसंच.

इंजिनाकडं वळू. तुमच्या गाडीला फ्री फ्लो आणि उघडा फिल्टर आहे, कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) बदलला का ते तुम्ही लिहिलं नाही. नसेल बदलला तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशी गाडी चाललीय. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२ च्या वर जातो, त्यात असं मिश्रण इंजिनाला भाजून काढतं. पहिल्यांदा प्लग काढा. टोक विटकरी-चॉकलेटी असेल तर इंजिन सुखात आहे. पांढरं फटक असेल तर मिश्रण पातळ आहे. काळं आणि तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व सीलमधून ऑइल वर येतंय. उघड्या फिल्टरची दुसरी अडचण आपल्या रस्त्यांची. शेतरस्त्यावरची माती त्यातून आत जाते आणि सिलिंडर घासते. म्हणून कंपनीचा फिल्टर बॉक्स परत बसवा, मिश्रण सेट करून घ्या, ऑइल बदला आणि त्यानंतर दोन-तीनशे किलोमीटर चालवा. धूर मारत नसेल, टायमिंगचा खडखडाट नसेल, तर निर्धास्त व्हा. काम निघालं तर ते करून बिल ठेवा, किंवा न करता तेवढे पैसे कमी करून तोंडावर सांगा. दाबून ठेवलं तर गिऱ्हाईकाबरोबर आलेला मिस्त्री शोधून काढणारच. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात दात बघितल्याशिवाय कुणी बैलाचा सौदा करत नाही, इथंही तसंच चालतं.

एलईडीसाठी वायरिंग कापलं असेल तर सीटखाली काळ्या टेपचे जोड दिसतील. जाणता माणूस सीट उचलून आधी तेच बघतो. इलेक्ट्रिशियनकडून जोड काढून मूळ सॉकेट बसवा. खर्च थोडा आहे, पण गाडीवर भरवसा बसतो.

सगळंच उतरवा असं मी म्हणत नाही. लेगगार्ड, मागची पाठटेक, सामानाचं कॅरिअर, चांगल्या कंपनीची बॅटरी, नवे टायर (मूळ मापाचे) हे राहू द्या. याचे वेगळे पैसे मिळत नाहीत, पण दोन गाड्यांत तुमची आधी उठते. हँडल मात्र मूळच बसवा, गावाकडच्या माणसाला रुंद हँडल गर्दीत अडचणीचं वाटतं. उतरवलेलं सामान गाडीसोबत फुकट देऊ नका. अलॉय, सीट, लाइट यांची वेगळी जाहिरात करा, बिलं असतील तर फोटो टाका.

ज्यांच्या गाडीचं चॅसिस मागून कापून कॅफे रेसर किंवा बॉबर केलंय, त्यांना हा मार्ग नाही. कापलेलं आणि वेल्डिंग केलेलं चॅसिस परत मूळ होत नाही. ती गाडी हौशी माणसालाच, सगळं उघड सांगून द्यावी लागते आणि भावात बराच फटका सोसावा लागतो. यामाहा आरएक्स १०० वाल्यांसाठीही एक शब्द. ती गाडी १९९६ मध्येच बंद झाली, त्यामुळं आता तिला पैसे मिळतात ते मूळपणाचे. मूळ टाकी, मूळ सायलेन्सर, मूळ मीटर घरात असेल तर भंगारात घालू नका, विकताना तेच भाव चढवतात.

कागदांकडं या. तुमची गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणजे शोरूममधून एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) आलेली नाही. राज्यात जुन्या गाड्यांना ती सक्तीची झालीय आणि ती नसेल तर आरटीओतली कामं अडतात. दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी, एवढ्यासाठी सौदा अडवू नका. नंबर ४१४१ लावून ‘दादा’ वाचता येईल अशी फॅन्सी पाटी असेल तर आजच काढा. दुसरं, २०१९ ला घेतलेल्या गाडीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा असायचा. तो फेब्रुवारी २०२४ मध्येच संपला. पुष्कळ जणांच्या हे ध्यानातच नसतं. विमा आणि पीयूसी चालू असल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर फायनान्सचं नाव राहिलेलं असू शकतं. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ते उतरवून घ्या. ई-चलन बघा, सायलेन्सरचं जुनं चलन हमखास निघतं. आरसीशी जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का तेही तपासा, ओटीपी त्यावरच येतो. हे सगळं आधी करून फाइल तयार ठेवली की गिऱ्हाईकाला भाव पाडायला कारण उरत नाही. पाच-सात हजारांची घासाघीस तिथंच थांबते.

वेळ कधीची धरायची? जून-जुलैत पेरणीत पैसा अडकलेला असतो, तेव्हा विकाल तर मार खाल. दसऱ्यापासून पुढं सोयाबीनचा पैसा येतो, मग कापसाचा. तो काळ चांगला. डिसेंबर मात्र ओलांडू नका, कारण आपल्या धंद्यात भाव मॉडेलच्या वर्षावर ठरतो आणि १ जानेवारीला गाडी एका दिवसात एक वर्षानं म्हातारी होते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर लोक ‘पुरात उभी होती का’ हेही विचारतात. नसेल तर जाहिरातीतच लिहा.

जाहिरात साधी ठेवा. उदाहरणार्थ : ‘क्लासिक ३५०, फेब्रुवारी २०१९, काळा रंग, पहिला मालक, रनिंग ३६ हजार. काही दिवस मॉडिफाय होती, आता सर्व सामान मूळ. एचएसआरपी, विमा, पीयूसी चालू. फायनान्स नाही. मिस्त्री घेऊन या, थंड इंजिनावर स्टार्ट करून बघा.’ फोटो सकाळच्या उन्हात काढा : दोन्ही बाजू, मीटर, टायरची नक्षी, इंजिनाखालचा भाग. टाकीवर खरवड असेल तर तिचाही फोटो टाका. मागणी १ लाख १५ ठेवा, १ लाख ५ च्या खाली लगेच उतरू नका. ‘शेवटचं सांगा’ असं फोनवर विचारणाऱ्याला आकडा देऊ नका, गाडी बघून बोलू म्हणा. फोनवर कमी केलेला आकडा समोर आल्यावर पुन्हा कमी होतोच.

चालवून बघायला मागितली तर लायसन्स बघा, त्याची स्वतःची गाडी तुमच्या दारात उभी करून घ्या, किंवा मागं बसा. न बघता गाडी पसंत करून ‘मी फौजेत आहे, पैसे पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी कधीच कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. विसार घेतला तर किती, बाकी कधी, आणि सौदा मोडला तर विसाराचं काय, हे दोन ओळीत लिहून दोघांनी सही करा.

कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देण्याची आपल्याकडं फार सवय आहे. ती तुम्ही लावून घेऊ नका. फॉर्म २९ आणि ३० घेणाऱ्याचं नाव-पत्ता भरूनच सही करा, आधार कार्डाची प्रत घ्या, डिलिव्हरीच्या कागदावर तारखेसोबत वेळही लिहा. विक्रीची खबर आरटीओला १४ दिवसांत देणं विकणाऱ्याचं काम आहे, घेणाऱ्याला ३० दिवस आहेत. अपघात झाला तर जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलंय. तेव्हा ‘पुढच्या महिन्यात करतो नावावर’ यावर समाधान मानू नका. पाच हजार रुपये नाव बदलेपर्यंत मागं ठेवायचं ठरवलं तरी चालेल, पण ते तुमच्याकडं असू द्या, त्याच्याकडं नको.

एवढं करायला वेळच नसेल आणि डीलरलाच द्यायची असेल, तरी सायलेन्सर, फिल्टर, चाकं आणि नंबर प्लेट एवढं बदलून, सुटं सामान घरी ठेवून मग पुन्हा भाव विचारा, आणि एकाला नाही, तिघांना. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते असलेल्या डीलरला गाडी दिली की फॉर्म २९सी ऑनलाइन भरला जातो आणि तिथून गाडीची जबाबदारी त्याच्यावर जाते. अधिकारपत्र बघायला मागा, फॉर्म भरल्याची पावती घ्या आणि मगच दुसरी चावी द्या.